कवटी काढलेला निळा ड्रम

माझ्या डाव्या गालावर, कानाच्या जरा खाली, एक वण आहे. मला बघायला आलेल्या एका पाहुण्यानं विचारलं होतं, "हे कसलं?" मी म्हटलं, "भट्टी फुटली." त्याला वाटलं विटांची भट्टी. आमच्या शहापूर-मुरबाडकडे भट्टी म्हटली की विटांचीच. मीही समजावत बसले नाही. तो चहा पिऊन गेला तो गेलाच, आणि आई आठवडाभर माझ्याशी धड बोलली नाही.

माझी भट्टी म्हणजे हातभर लांबीची विजेवर तापणारी पेटी, आणि तिच्यातून आरपार गेलेली क्वार्ट्झची नळी. त्या नळीत काचेची पट्टी ठेवायची, शेजारी गंधक ठेवायचं आणि तापवायचं. गंधकाची वाफ होते. त्या दिवशी वाफ बाहेर जायची वाट मी उघडी ठेवली होती, पण आत गंधक गोठून तीच वाट बुजली. नळीच्या तोंडावरचं झाकण सुटलं आणि छपराच्या पत्र्याला भोक पाडून वर गेलं. मागोमाग नळी फुटली. गाल गरम लागला म्हणून हात लावला तर रक्त. पण खरं सांगते, आधी मी काचेची पट्टीच शोधली. ती भुग्यात पालथी पडली होती आणि वरचा काळा थर खवले निघावेत तसा निघाला होता. मी तिला लाथ मारली. मग आईला हाक मारली.

गावात म्हणतात, ही सोलर बनवते. सोलर म्हणजे गावाला छपरावरची निळी पाटी ठाऊक. ती सिलिकॉनची. त्याला इतकं शुद्ध करावं लागतं, इतकं तापवावं लागतं की तो कारखाना काढणं आमच्यासारख्यांचं काम नाही. दुसऱ्या जातीच्या पातळ पाट्या असतात, पण त्यांत जे धातू लागतात ते जमिनीत मुळातच थोडे. मला हव्या होत्या चार साध्या वस्तू. तांबं, जस्त, कथील, गंधक. एकदा आईला बसवून समजावलं. "आपलं पातेलं तांब्याचं ना? त्याला आतून कल्हई करतात ते कथील. पोल्ट्रीच्या पत्र्यावर मुलामा असतो तो जस्ताचा. आणि गंधक तर दादा बैलाला लावतो."

आई म्हणाली, "मग ते पातेलं पत्र्यावर ठिवलं तर वीज व्हईल का गो?"

चेष्टा करत होती, पण प्रश्न बरोबर होता. वीज व्हायला ते चार जण एकमेकांत नीट बसावे लागतात, आणि ते बसत नाहीत. तापवलं की कथील उडून जातं. जस्त जास्त झालं की एका कोपऱ्यात वेगळं गोळा होतं. गंधक कमी पडलं की थराला भोकं. क्षार पाण्यात विरघळवून मी काचेवर फवारायचे, भाजायचे, बाहेर काढून उजेडात धरायचे, आणि भोकं दिसली की पट्टी भिंतीवर आपटायचे. पोल्ट्रीच्या त्या भिंतीखाली काचेचा ढीग झाला होता. आमच्या घराण्याचा राग माझ्यातही आहे, तो कुठं जाणार?

पोल्ट्री म्हणजे घरामागची आमची जुनी शेड. वडील गेले, कोंबड्या बंद झाल्या, शेड माझ्या वाट्याला आली. कॉलेजात माझी भट्टी होती तिथं वासावरून रोज भांडणं व्हायची. सडक्या अंड्यांचा वास, मान्य आहे. शेवटी आमच्या मॅडम म्हणाल्या, "तुझ्याकडे जागा आहे ना? भाजायचं काम तिकडे कर, मोजायला मुंबईला पाठवू." मी भट्टी टेम्पोत घातली आणि घरी आणली. रस्त्यानं जाणारे ओरडायचे, "काय गो, आज किती अंडी उकडलीस?" हजारो कोंबड्यांची घाण तिथं होती तेव्हा कुणी नाक मुरडलं नव्हतं.

आता दादा. माझा थोरला भाऊ. भाताची शेती आमची थोडकी. तो वाशिंदला एका कंपनीत पाळीनं जायचा, ते सोडून त्यानं शर्यतीचा बैल धरला. म्हशाच्या जत्रेतून खोंड आणला होता, पांढरा, लाल डोळ्यांचा, आणि माणसावर येणारा. त्याला नाव होतं, ते मी इथं लिहीत नाही. त्यानं दादाच्या मांडीत शिंग घातलं, तर दादा ती जखम लुंगी वर करून लोकांना दाखवत फिरला. "हा आहे बैल!" म्हणायचा. त्याच बैलाला छकड्याला जुंपला की खिळा लावलेल्या पराणीनं मागच्या पुठ्ठ्यावर टोचून टोचून रक्त काढायचा. बैल पळायचा मात्र असा की बघणाऱ्याचा श्वास अडकावा. माणसं ओरडायची, गुलाल उडायचा, आणि दादा घरी येऊन बैलाच्या गळ्यात पडून रडायचा. आम्हा कुणाच्या गळ्यात तो कधी पडला नाही.

आम्हाला मारायचा. मलाही मारलंय, पण मी उलटा हात टाकायचे म्हणून जपून. वहिनी उलटा हात टाकत नव्हती. ती खर्डीकडची, जंगलातल्या पाड्यावरची, बुटकी, कामाला वाघ. बैलाचं पाणी, वैरण, खरारा, सगळं तिच्याकडे. पाणी गार दिलं म्हणून एकदा दादानं तिला केसाला धरून गोठ्यातून अंगणापर्यंत ओढत आणलं होतं. मी काठी घेऊन मध्ये पडले, तर वहिनीच मला म्हणाली, "ताई, तुमी नका पडू. मग दुप्पट व्हतं." मी काठी फेकून दिली आणि शेडमध्ये जाऊन काचेच्या पट्ट्यांचा एक अख्खा ट्रे फोडला. त्यानं काय झालं? काही नाही. ट्रे गेला.

त्या वर्षी बैलाला खरूज लागली. मानेवर, खांद्यावर केस गेले, कातडं जाड होऊन चिरलं. शर्यत तोंडावर आली होती. जू त्या कातड्यावर बसणार कसं? आमच्याकडे याला जुना उपाय आहे. करंजाच्या तेलात गंधक कालवून चोळायचं, आणि चिमूटभर गुळातून पोटात द्यायचं, म्हणजे आतूनही उतरतं. माझ्याकडे गंधक होतंच. मी वहिनीला डबीभर काढून दिलं. आणि तेव्हाच, तिचा हात धरून, तिला निळ्या ड्रमपाशी नेलं.

"वैनी, ह्याला हात लावायचा नाही. हेपण पिवळं दिसतं, पण हे गंधक नाही. हे विष आहे. बघ, कवटी काढलीये."

"बरं," ती म्हणाली.

त्या ड्रमात काय होतं ते सांगायला हवं. आमच्या चार साध्या वस्तूंच्या काळ्या थरावर एक पाचवी वस्तू बसवावी लागायची, पिवळा पातळ थर, कॅडमियमचा. त्याशिवाय काळा थर नीट वीज देत नव्हता. सगळं जग तेच करत होतं, म्हणून मीही करत होते. आणि मला त्याची चीड होती. गरिबाला परवडणारं सोलर म्हणून टिमकी वाजवायची आणि वरून विषाचा हात फिरवायचा! त्या थरासाठी काच एका द्रावणात बुडवून ठेवायची. द्रावण हळूहळू पिवळं होतं, काचेवर थोडं बसतं आणि उरलेलं सगळं वाया. ते वाया गेलेलं पाणी आणि पिवळा गाळ मी ड्रमात साठवायचे. ड्रम भरला की कॉलेजातून गाडी येऊन न्यायची. ड्रमावर लाल रंगानं कवटी आणि हाडं मी स्वतः काढली होती, मोठी, दुरून दिसेल अशी.

आता माझं डोकं कुठं कमी पडलं असेल तर त्या कवटीत. कॉलेजात कवटी म्हणजे लांब राहा. आमच्या गोठ्यात कवटी म्हणजे काय? गोचिडाच्या औषधावर कवटी. भाताच्या फवारणीवर कवटी. उंदराच्या गोळ्यांवर कवटी. दुकानात माणसं विचारतात, "कवटीवालं हाय ना? मग दे. साध्यानं काय होत नाय." विष म्हणजे जालीम, जालीम म्हणजे गुण येणारं. तेच औषध उघड्या हातांनी कालवतात आणि त्याच हातांनी भाकरी खातात. हे मला लहानपणापासून दिसत होतं, पण ब्रश घेऊन कवटी काढताना एकदाही डोक्यात आलं नाही.

तेवढ्यात माझं मुंबईला जायचं ठरलं. मी कॅडमियम काढून टाकलं होतं. त्याच्या जागी जस्ताचाच थर बसवायचा, जस्त तर आपल्याकडे होतंच. कितीतरी पट्ट्या फोडल्यावर काही थर काळ्या थराला चिकटले, सलग बसले. त्या पट्ट्या मी कापसात गुंडाळून मुंबईच्या एका संस्थेत मोजायला नेल्या. तिथं काही दिवस राहावं लागलं. खोट्या उन्हाखाली, म्हणजे उन्हासारख्या दिव्याखाली, पट्टी ठेवतात, दोन टोकांना सुया टेकवतात आणि पडद्यावर रेघ उमटते. जस्ताच्या आधीच्या पट्ट्यांची रेघ आडवी पडायची, मेल्यासारखी. ह्या पट्टीची रेघ वर गेली, वळली, आणि पिवळ्या थराच्या पट्टीच्या रेघेशेजारी जाऊन उभी राहिली. तिथला माणूस म्हणाला, "परत मोजू." परत मोजलं. तेच. मी त्या थंड खोलीत एवढ्या जोरात ओरडले की बाजूचे बघायला आले. पिवळ्याची गरज संपली होती. आता ड्रम एकदाचा हलवायचा, एवढंच डोक्यात होतं.

आसनगावला उतरले, रिक्षा केली. दुपारची वेळ. गावाजवळ आलो तर राबाचा धूर शेतांवर पसरला होता. पुढच्या भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळून जमीन भाजतात, तो. त्या धुरातून आमच्या अंगणात माणसं उभी दिसली. वाटलं, आई गेली.

आई दारातच होती. मला बघून म्हणाली, "आलीस कशाला? जा मागं. बैल मेला."

बैल गोठ्यासमोर आडवा पडला होता. कुणीतरी हार घातला होता, अंगावर गुलाल टाकला होता. शर्यतीचा बैल गेला की आमच्याकडे त्याला माणसासारखा पुरतात, त्याची तयारी चालली होती. जीभ बाहेर, तोंडाला फेस, मागचं अंग सगळं भरलेलं. दादा त्याच्या डोक्याशी उकिडवा बसला होता. ढोरांचा डॉक्टर सकाळी येऊन गेला होता आणि एकच गोष्ट सांगून गेला होता, की पोटात विष गेलंय.

आईनं बाकीचं हळू सांगितलं. दादा सकाळपासून एकच म्हणतोय, विष पोरीच्या भट्टीतलं. वारा गोठ्याकडे येतो. "आज त्याच्या समोर नको जाऊ. तो माणसात नाय."

मला राग आला. मी नव्हतेच, भट्टी बंद होती, धूर कसला? सरळ जाऊन त्याला सांगणार होते. तेवढ्यात वहिनीनं मला मागच्या न्हाणीकडे ओढलं. तिच्या हातांना फडकं गुंडाळलेलं होतं. तिनं ते सोडलं. तळवे पिवळे. नखांच्या कडा पिवळ्या. साबण, राख, दगड, सगळं घासून झालं होतं, कातडं सोललं होतं, आणि तरी पिवळे.

मला काही विचारावं लागलं नाही.

"डबीतलं संपलं व्हतं," ती म्हणाली. "तुमी नव्हतात. ह्यांनी सांगितलं, शर्यतीच्या आत खरूज गेली नाय तर बैलाच्या आधी तुला गाडीन. म्हटलं कवटीवालं जालीम असेल, एका दिसात गुण येईल. ओंजळभर घेतलं. चोळलं. गुळातनं पन दिलं." मग तिनं माझं मनगट पकडलं. "ताई, तो मला मारून टाकील गो. आज खरंच टाकील."

ते खरं होतं. ती वाढवून सांगत नव्हती. मी दादाला ओळखत होते.

मी तिला म्हटलं, "तोंडाला हात लावू नकोस. काही खाऊ नकोस. इथंच बस, दार लाव." एवढं बोलते तोवर शेडकडून आवाज आला. घणाचा. दगड फोडायचा मोठा घण आमच्याकडे असतो. दादानं तो घेतला होता आणि भट्टीवर घातला होता.

मी धावले. आत गेले तेव्हा भट्टीची पेटी चेपली होती आणि तारा लोंबत होत्या. दुसरा घाव पंपावर बसला. तेल उडालं. तिसरा काचेच्या कपाटावर. नव्या नळ्या, तराजू, फवारणीचं यंत्र, एकेक करून फुटत गेलं आणि दादा प्रत्येक घावाला बैलाचं नाव घेत होता. दाराशी गावातले बाप्ये उभे. कुणी हललं नाही. ज्याचा बैल मेला त्याला अडवायचं नाही, असं काहीतरी त्यांच्या मनात असावं. भ्याड सगळे!

"दादा!" मी किंचाळले. "थांब!"

तो वळला. डोळे रडून सुजलेले. "तूच ना? तुझ्याच विषानं ना? बोल!"

माझ्या तोंडाशी खरं आलं होतं. खोटं कशाला सांगू? माझं सगळं आयुष्य त्या शेडमध्ये होतं. एक वाक्य बोलले असते तर घण थांबला असता. आणि न्हाणीकडे गेला असता. त्या क्षणी मला वहिनीचासुद्धा राग आला होता, इतका की तिला धरून हलवावंसं वाटलं. सांगितलं होतं ना, हात धरून सांगितलं होतं!

मी म्हटलं, "हो. माझ्याच भट्टीनं मेला."

मग त्यानं राहिलेलं फोडलं. माझ्या खांद्यावरची पिशवी हिसकावली, खाली टाकली आणि तिच्यावर घण घातला. आत कापसात गुंडाळलेल्या त्या पट्ट्या होत्या. आवाजसुद्धा झाला नाही. मी त्याच्या अंगावर गेले, चावले, नखं मारली. त्यानं घणाचा दांडा माझ्या उजव्या खांद्यावर मारला आणि आत हाड मोडलेलं मला कळलं. केसाला धरून त्यानं मला बाहेर आणलं. शेडच्या दाराशी धुण्याचा दगड आहे, सपाट, काळा. माझा उजवा हात त्यानं त्या दगडावर दाबला, वर पाय ठेवला.

"ह्याच हातानं करतेस ना? आता कर!"

आई ओरडत होती, "सोड रे, बहीण हाय तुझी!" बाप्ये "अरे अरे" करत होते. अरे अरे! मी डोळे मिटले नाहीत. घण वर गेलेला मी बघितला.

आणि वहिनी आली. धावत नाही, चालत. दगडापाशी बसली आणि फडकं सोडून दोन्ही पिवळे हात माझ्या हाताशेजारी ठेवले.

"तो हात नाय," ती म्हणाली. "हे हात. मी लावलं. गुळातनं मीच दिलं. ताईंनी नको म्हणून सांगितलेलं. तुमच्या भ्यानं लावलं."

दादानं तिच्या हातांकडे बघितलं. त्याला कळायला वेळ लागला. मला वाटलं, रडेल आता, बसेल खाली. त्याचा पाय माझ्या हातावरून निघाला. मी हात काढून घेतला. तिनं काढले नाहीत.

घण खाली आला.

डाव्या हाताची दोन बोटं. मी तो आवाज सांगणार नाही. वहिनी ओरडली नाही, तिनं फक्त तोंड उघडलं. मी उठले कशी ते मला माहीत नाही. शेडच्या दारात फवारणीच्या यंत्राची लोखंडी सळई पडली होती, ती डाव्या हातात घेतली आणि दादाच्या गुडघ्यावर मारली. तो पडला. मी परत मारली. खांद्यावर, पाठीवर, जिथं लागेल तिथं. मला त्याला मारून टाकायचं होतं. हे मी लिहिते आहे कारण तसंच होतं. आणि तेव्हा कुठं ती सगळी माणसं धावली. मला धरायला.

बाकीचं भरभर झालं. कुणाचीतरी जीप, शहापूरचा दवाखाना. वहिनी माझ्या शेजारी, हाताला टॉवेल बांधलेला, तोंड पांढरं. दादाला दुसऱ्या गाडीतून आणलं. डॉक्टरना मी कॅडमियमचं सांगितलं, दोनदा सांगितलं, कागदावर लिहून दिलं, की हिच्या हातांना हे लागलंय, तुम्ही नुसती बोटं शिवू नका, रक्त तपासा. त्यांनी ऐकलं. रक्त पुढं पाठवलं. एक बोट वाचलं, दुसरं काढावं लागलं. माझ्या खांद्याला पट्टा बांधला.

पट्ट्यांचं म्हणाल तर त्या पुन्हा बनवता येतात. कृती डोक्यात होती, मोजलेल्या रेघा मुंबईत होत्या, मॅडमनी दुसरी भट्टी बघायला घेतली. आणि आता त्या कामात पिवळं नाही, कॅडमियमची बाटली मी परत घेतली नाही. हे सगळं नंतरचं. त्या दिवशी मला पट्ट्यांची आठवणसुद्धा झाली नाही.

संध्याकाळ व्हायच्या आत हवालदार आला. वहिनीच्या खाटेशी खुर्ची ओढून बसला. आई त्याच्या आधीपासून तिथं होती आणि तिनं सगळं ठरवून ठेवलं होतं. दादा तिचा मुलगा. मला कळतं. कळतं आणि तरी आज आठवलं की हाताच्या मुठी वळतात.

"धुनं धुताना दगड पडला हातावर," आई म्हणाली. "घाईत व्हती पोर. आमच्याकडं मेलेल्या बैलाची गडबड."

हवालदारानं वहिनीकडे बघितलं. "असंच झालं का बाई?"

आईनं वहिनीच्या पायावर हात ठेवला. "सांग, व्हय म्हण. त्याला आत टाकतील. तू कुठं जाशील? खर्डीला कोन हाय तुला घ्यायला?" मग अगदी मऊ आवाजात, "म्हातारीचं ऐक गो माझे."

मी बोलायला तोंड उघडलं. वहिनीनं चांगला हात वर करून मला गप्प केलं. त्या बाईनं मला आयुष्यात कधी गप्प केलं नव्हतं.

"दगड पडला नाय," ती हवालदाराला म्हणाली. "नवऱ्यानं घन घातला. सगळ्या गावानं बघितलंय. ते लिवा."

आईनं पदर तोंडाला लावला. हवालदार लिहायला लागला.

"आनि अजून," वहिनी म्हणाली. "बैल माझ्या हातनं मेला. ते पन लिवा. आनि त्याचा पाय मोडलाय तो ह्या ताईंनी. सळईनं. तो खाली पडल्यावर बी मारत व्हत्या. ते पन लिवा."

मी तिच्याकडे बघतच राहिले. "वैनी!"

"मग? खरं सांगाचं तर सगळं सांगाचं," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि आवाज मात्र सरळ होता.

हवालदारानं पेन थांबवलं आणि माझ्याकडे वळला. "खरं आहे का हे?"

"खरं आहे," मी म्हटलं. "लिहा."